टपालाची शेवटची वाट

उत्तर ध्रुवाच्या बाजूला अलास्का नावाचा थंड मुलूख आहे. तिथे एके काळी टपाल कुत्र्यांच्या गाडीतून जात असे, असे आपल्याकडे सांगितले तर ऐकणारा हसेल. कारण आपल्याकडे कुत्रा टपालवाल्याच्या पुढे धावत नाही, मागे धावतो! पण गमतीची गोष्ट सोडली तर त्या बर्फातल्या टपालाची आणि आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या पावसाळी टपालाची कहाणी पुष्कळशी सारखी आहे. वाचकांना ती सांगावी, आणि तिच्यातून आपल्या गावापुरते काही घेण्यासारखे आहे तेही सांगावे, म्हणून हा लेख.

अलास्कात नोम नावाचे एक बंदर आहे. हिवाळा आला की तिथला समुद्र गोठतो. शेवटचे जहाज निघून गेले की पुढे कित्येक महिने दुसरे जहाज लागत नाही. अशा वेळी टपाल नेण्याचे एकच साधन होते. चाके नसलेली, लाकडी पट्ट्यांवर घसरत जाणारी गाडी, तिला जुंपलेली आठ-दहा किंवा त्याहून जास्त कुत्री, आणि मागे उभा राहून ती हाकणारा एक माणूस. थंडी उणे ४० अंशांच्याही खाली जाई. नदी वरून गोठलेली दिसे, पण एखाद्या ठिकाणी बर्फ पातळ असले तर माणूस, कुत्री आणि टपाल सगळेच खाली जाण्याचा धोका. वादळात वाट बुजून जाई. मग पुढचा कुत्रा पायाला लागणाऱ्या घट्ट बर्फावरून जुनी वाट शोधून काढी. बर्फाने कुत्र्यांचे पाय फाटत, म्हणून त्यांना कापडी मोजे बांधावे लागत. वाटेत खायला सुकवलेले मासे. आपल्या सुक्या बांगड्यासारखेच म्हणा ना!

आता आपल्याकडे पाहा. आपला समुद्र गोठत नाही, पण बंद होतो. मुंबईहून येणाऱ्या आगबोटी ज्या काळात चालत, त्या काळात मे महिना सरता सरता त्या थांबत आणि नारळी पौर्णिमा होऊन दर्या शांत झाल्यावाचून पुन्हा सुरू होत नसत. उघडीपीच्या दिवसांतसुद्धा मालवणला बोट खडकांमुळे लांब उभी राही आणि माणसे, सामान, सगळे पडावातून किनाऱ्याला येई. पावसाळ्यात मात्र मुंबईशी संबंध राही तो घाटावरून. फोंडा घाट, आंबोली घाट या वाटा दरड कोसळून बंद पडल्या की तोही तुटे.

आपले टपाल घाट उतरून येते याची एक खूण तुम्ही रोज पत्त्यावर लिहिता. मालवणचा पिनकोड ४१६६०६. पिनकोडचे पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा दाखवतात, आणि ४१६ हे आकडे कोल्हापूर-सांगलीच्या पत्त्यांवरही असतात. रत्नागिरीचे ४१५, तेच साताऱ्याचे. आपला सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, पण पिनकोड त्याच्याही आधीचा, १५ ऑगस्ट १९७२ चा. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी, त्यांनी ही पद्धत बसवली. एकाच नावाची गावे आणि अनेक भाषांतली अक्षरे यांच्या गोंधळातून पत्र वाट काढते ते या सहा आकड्यांच्या आधाराने.

पिनकोड पत्र टपाल कचेरीपर्यंत आणतो. तिथून घरापर्यंत आणतो तो माणूस. आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

जुन्या काळी हे काम हलकाऱ्यांचे होते. खांद्यावर टपालाची थैली, हातात भाल्यासारखी काठी, तिला बांधलेली घुंगरे. घुंगरांचा आवाज ऐकून वाटेवरचा माणूस बाजूला होई आणि जनावरही बिचके. ठराविक मैल धावून एक हलकारा थैली दुसऱ्याच्या खांद्यावर देई. १८५४ साली साऱ्या देशाला एकच टपालदर लागू झाला. पत्र जवळ जावो की लांब, हलक्या पत्राला अर्धा आणा. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले आणि १८८० पासून टपाल कचेरीतून मनीऑर्डर होऊ लागली. आपल्या कोकणाच्या दृष्टीने पाहिले तर या तिन्हींत मनीऑर्डर सर्वांत मोठी. मुंबईची गिरणी आणि गावची चूल यांना जोडणारा धागा तोच होता.

घाटावरचे गाव एका जागी गोळा झालेले असते. आपले गाव वाड्यावाड्यांत विखुरलेले. एक वाडी सड्यावर, एक खाली मळ्यात, एक खाडीपलीकडे. मधे व्हाळ, व्हाळावर पोफळीच्या किंवा माडाच्या खोडांचा साकव. देवबागसारखे गाव कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर, तर तळाशील गडनदीची खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये. जिल्ह्यात पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. त्यातून एका वाडीत एकाच आडनावाची पंधरा घरे, आणि त्यांत एकाच नावाचे दोन-तीन पुरुष. पत्र कोणाचे हे पत्त्यावरून कळत नाही, घरचे ठाऊक असावे लागते.

माझे बालपण गडनदीच्या काठच्या अशाच एका गावात गेले. शाखा टपाल कचेरी एका घराच्या पडवीत होती. एक टेबल, एक लाकडी पेटी आणि भिंतीला टांगलेला काटा. टपाल वाटणाऱ्या गृहस्थांना सारा गाव आबा म्हणे. पावसाळ्यात डोक्यावर घोंगडीची खोळ, तिच्याखाली मेणकापडात गुंडाळलेली थैली आणि हातात काठी. लावणीच्या दिवसांत मळा पाण्याने भरला की बांध दिसत नसत. आबा काठीने ठोकून ठोकून बांध शोधत पुढे येत. अलास्कातला पुढचा कुत्रा पायांनी वाट शोधी, आमचे आबा काठीने शोधत, एवढाच फरक. गवतात फुरसे असे. त्यासाठीही काठी कामाला येई, कारण पाऊल टाकण्याआधी गवत हलवावे लागे.

नदीला पाणी चढले की होडी बंद. मग आबा अलीकडच्या काठावर थांबून राहत. पलीकडच्या वाडीची माणसे समोर उभी. हाकेच्या अंतरावर पत्र आणि मधे लाल पाणी. पाणी उतरेपर्यंत दोन दिवस लागोत की चार, थैली कोणाच्या हाती द्यायची नाही हा त्यांचा नेम. मनीऑर्डरचे पैसे तर ज्याचे त्याच्याच हातात. डाव्या अंगठ्याचा ठसा, साक्षीदाराची सही, आणि मग नोटा दोनदा मोजून.

आबांची एक सवय होती. ज्या दिवशी वाडीत कोणाची मनीऑर्डर असे, त्या दिवशी ते साकवावरूनच मोठ्याने हाक देत, "पैसे इले गो!" त्यामुळे महिन्याच्या दहा तारखेनंतर वाडीतल्या बायांचे हात पेजेच्या मडक्यात असले तरी कान साकवाकडे असत. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक लहानसा तुकडा असे, त्यावर दोन ओळी लिहिता येत. वडिलांच्या त्या दोन ओळींत जोताचे पैसे किती, खताला किती आणि आमच्या वह्यांना किती, हे सारे बसवलेले असे. जून-जुलैची मनीऑर्डर आठ दिवस उशिरा आली तर लावणी आठ दिवस उशिरा. भाताच्या रोपाला मनीऑर्डरची वाट पाहता येत नाही. रोप जून झाले की फुटवे कमी आणि उतारा कमी. हे शास्त्र मी पुढे दापोलीला कृषी महाविद्यालयात शिकलो, पण आमच्या आईला ते आधीपासून पाठ होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांत आपल्या कोकणातली घरे किती, हे वेगळे सांगायला नको. शिमग्यापर्यंत काही घरांत थोडे थोडे पैसे येत राहिले. पावसाळा लागेपर्यंत मनीऑर्डरी जवळजवळ थांबल्या आणि त्यांच्या जागी अंतर्देशीय पत्रे येऊ लागली. ज्या बायांना वाचता येत नसे त्यांना आबाच वाचून दाखवत. दहा घरांत दहा पत्रे, आणि बहुतेकांत मजकूर एकच, की पुढच्या महिन्यात पाठवतो, लावणी कशीही करून घ्या.

त्या पावसाळ्यात आबांनी साकवावरून हाक मारणे सोडून दिले. गावातले सगळेच पुरुष गिरणीत नव्हते. कोणी गोदीत, कोणी टॅक्सीवर, कोणी कचेरीत शिपाई. त्यांची मनीऑर्डर येत होती. पण आबा हळूच त्या घरात जात, पैसे मोजून देत आणि तसेच बाहेर पडत. शेजारच्या घरातल्या चुलीला तो आवाज ऐकू जाऊ नये एवढ्यासाठी. ज्या घराचे काही आले नसेल त्या घराच्या खळ्यातही ते उभे राहत. "आबानू, आमचा काय इला?" असे आईने विचारण्याआधीच सांगत, "आज नाय गो. थोडी पेज आसली तर घाल." पेज पिता पिता पुढच्या वाडीतल्या कोणाचे रोप उरले आहे आणि कोणाचे जोत रिकामे आहे ते सांगून जात. त्या वर्षी आमची लावणी अशा सांगाव्यांवर झाली. पैशाऐवजी कामाला काम, दिवसाला दिवस. वडील गणपतीला गावी आले ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत.

आबा स्वतःही शेतकरीच होते. खेड्यातल्या अशा टपालसेवकाला खात्याचा पूर्ण वेळेचा नोकर मानत नसत. 'खातेबाह्य' असे त्याचे नाव. काही तासांचे काम, त्याचा अल्प भत्ता, आणि पोटाला दुसरे साधन असले पाहिजे अशी अपेक्षा. २००१ पासून त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणू लागले आणि २०१८ साली त्यांचे वेतन सुधारले, तरी पूर्ण वेळेच्या नोकराचा दर्जा अजून नाही. आपल्या देशात टपाल कचेऱ्या दीड लाखाहून अधिक आहेत आणि त्यांतल्या दहातल्या नऊ खेड्यांत. म्हणजे हे एवढे मोठे जाळे आपल्यासारख्याच शेती करणाऱ्या माणसांच्या पायांवर उभे आहे. पाऊस त्यांच्याही शेतात त्याच दिवशी पडतो. दुसऱ्याचे लावणीचे पैसे पोचवताना आबांची स्वतःची लावणी मागे राहत असे.

आता पुन्हा एकदा अलास्काकडे जाऊ. १९२५ च्या जानेवारीत नोम गावात घटसर्पाची साथ आली. त्यावरचे प्रतिविष संपत आले होते आणि समुद्र गोठलेला. औषध रेल्वेने शक्य तिथपर्यंत आणले. तिथून पुढे ६७४ मैल, म्हणजे सुमारे १०८५ किलोमीटर, वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत ते साडेपाच दिवसांत पोचवले. एरवी त्याच वाटेने टपालाला पंचवीस दिवसांच्या आसपास लागत. त्या गाडीवानांत बरेचसे रोज टपाल नेणारे होते आणि कित्येक तिथले मूळ रहिवासी. शेवटच्या टप्प्यावर पुढे असलेला बाल्टो नावाचा कुत्रा जगप्रसिद्ध झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरात त्याचा पुतळा उभा राहिला!

पण एवढ्या लांबच्या वाटेवर हे जमले कसे? कुत्री दमदार होती आणि माणसे धाडसी होती हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे असे, की वाट तयार होती. साधारण एका दिवसाच्या चालीवर उतरायला लहान घरे होती. तिथे शेगडी पेटलेली, गरम जेवण आणि कुत्र्यांनाही खाणे. वाटेच्या कडेने खुणेच्या काठ्या रोवलेल्या. टपालाची गाडी आली की दुसरा गाडीवान वाट सोडून देई आणि उताराच्या घरात शेगडीजवळची जागा टपालवाल्याला मिळे. पुढे विमाने आली आणि कुत्र्यांचे टपाल एकेक वाटेवरून बंद होत गेले. तिथली शेवटची कुत्र्यांची टपालगाडी एका बेटावर १९६३ सालापर्यंत चालू होती. तोपर्यंत टपालवाल्याची काळजी वाटेवरचे लोक घेत होते. मला हे सर्वांत मोलाचे वाटते. आपल्या साकवावरच्या टपालवाल्याची काळजी कोण घेतो, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो.

कोणी म्हणेल, आता कसले टपाल! खाड्यांवर पूल झाले, २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण झाली, हातोहाती मोबाइल आले. तार २०१३ साली बंद झाली आणि जुनी मनीऑर्डर २०१५ साली. हे सगळे खरे. पण माझे काम गावोगाव फिरण्याचे आहे आणि मी पाहतो ते असे. आधार कार्ड, बँकेचे कार्ड, फेरफाराची नोटीस, भूसंपादनाची नोटीस, कोर्टाचा कागद, हे सारे अजून टपालानेच येते. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईला. नोटिशीवर हरकत घेण्याची मुदत ठरलेली असते. नोटीस पावसात भिजून पडवीत पडली तर जमिनीचा प्रश्न पिढ्यान्पिढ्या रेंगाळतो.

आणि पैसेही पुन्हा टपालवाल्याच्या हातून येऊ लागले आहेत. १ सप्टेंबर २०१८ रोजी टपाल खात्याची पेमेंट बँक सुरू झाली. किसान सन्मान योजनेचा दोन हजारांचा हप्ता किंवा निराधार योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा झाले, की डाक सेवक लहानसे यंत्र घेऊन घरी येतो, अंगठा लावून घेतो आणि रोख रक्कम हातावर ठेवतो. शाईचा अंगठा गेला आणि यंत्रावरचा अंगठा आला. आमच्या भागात आता हे काम कित्येक ठिकाणी बाया करतात. स्कूटर साकवापर्यंत येते आणि पुढे पायीच. यंत्राला रेंज मिळाली नाही तर म्हातारीला घेऊन सड्यावर चढावे लागते. शिवाय एक अडचण खास आपल्या शेतकऱ्यांची आहे. महिनाभर चिखलात हात भिजले की अंगठ्याच्या रेषा पुसट होतात आणि यंत्र ओळखत नाही. खात्यात पैसे आहेत, दारात माणूस आला आहे, आणि तरी पैसे हातात पडत नाहीत, असे मी दोनदा डोळ्यांनी पाहिले आहे.

बंधू-भगिनींनो, टपालाची ही शेवटची वाट खाते बांधत नाही. ती आपल्या बांधावरून आणि आपल्या खळ्यातून जाते, म्हणून तिची डागडुजीही आपणच करायची. मृग लागण्याआधी ज्या दिवशी वाडी मिळून व्हाळ साफ करता, त्याच दिवशी साकवाची खोडे तपासा, कुजलेले खोड बदला, आणि धरायला एक आडवा बांबू बांधा. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत जूनमध्ये एकदा आणि गणपतीनंतर एकदा बेणून काढा, म्हणजे फुरशाचे भय कमी होईल. तुमच्या मुलांनाही शाळेत त्याच वाटेने जायचे असते. पाण्याखाली जाणाऱ्या बांधाच्या वळणावर एक काठी रोवून ठेवा.

वाडीच्या तोंडाशी, पावसाचे झोत लागणार नाहीत अशा जागी, एक झाकणाची पेटी बसवा. साधी पत्रे तिथे ठेवता येतील. सहीची आणि पैशाची टपाले मात्र घरीच आली पाहिजेत. मुंबईच्या मंडळींना कळवा की पत्त्यात वाडीचे नाव, वडिलांचे नाव आणि पिनकोड लिहिल्याशिवाय राहू नका. दारचा कुत्रा सकाळच्या वेळी बांधून ठेवा. अंगठा लागत नसेल तर हात कोमट पाण्याने धुऊन, चांगले कोरडे करून दुसरे बोट लावून पाहा, कारण आधारला दहाही बोटांची नोंद असते. तरीही जमले नाही तर लावणीनंतर हात वाळल्यावर आधार केंद्रावर जाऊन ठसे पुन्हा घेऊन या.

आणि पावसातून कोणी टपाल घेऊन आले तर ओटीवर बसायला एक पाट आणि कपभर चहा एवढे तरी द्या. पुढच्या वाडीपर्यंत त्या माणसाला अजून एक व्हाळ ओलांडायचा असतो.